आबांचा पाग

आमच्या रत्नागिरीच्या फ्लॅटच्या दाराशी एक कापडी पिशवी कायम भरून ठेवलेली असते. पिशवीशेजारी खुर्ची, खुर्चीखाली चपला आणि खुर्चीत आबा, म्हणजे माझे वडील. कुणी विचारलं, "कधी आलात?" की आबा सांगतात, "निगालोच." हे ते गणपतीपासून सांगतायत आणि आता हापूस संपत आले.

आबा म्हणजे खाडीकाठच्या गावचे तांडेल. बोट त्यांच्या शब्दावर चालायची. आई गेल्यावर घरात एकटेच राहिले. मग एक दिवस पडवीत लकव्याचा झटका आला आणि उजवा हात लुळा पडला. आम्ही त्यांना उचलूनच इथे आणलं, कारण शुद्धीत असते तर आलेच नसते. लेकीच्या घरी चहापुरतं जावं, वस्तीला नाही, हा त्यांचा कायदा.

"लेकीच्या घरात कोन पाय पसरून बसतो काय गो? हात बरा झाला की निगालो!"

डॉक्टर म्हणाले, बोटांना काहीतरी चाळा लावा, नाहीतर हात असाच राहील. मी घाबरून छंद शोधायला लागले. आधी रंगवायची वही आणली. आबांनी समुद्र मातकट रंगवला, आकाशही मातकट आणि मधली परीसुद्धा मातकट. "पावसात येऊन बघ," म्हणाले. मग माझ्या नवऱ्याने तुकडे जुळवून चित्र करायचा खेळ आणला. दोन दिवसांत चित्र पूर्ण! मी आनंदाने जवळ जाऊन बघितलं आणि उडालेच. तळ्यातल्या बदकाला झाडाचं खोड फुटलं होतं. न बसणारे तुकडे आबांनी डाव्या हाताने कात्री चालवून बसवले होते.

"बसत नव्हता. बसवला."

शेवटी वैतागून मीच विचारलं, "आबा, तुम्हाला करायचंय तरी काय?"

"पाग विनतो," आबा म्हणाले. पाग म्हणजे खाडीत हाताने फेकायचं गोल जाळं. हे मला आधी का सुचलं नाही!

दुसऱ्या दिवशी शाळेत शिकवून घरी आले तर हॉलमधला पंखा सोफ्यावर आडवा पडलेला. ज्या जावयाला आबा आजवर 'अहो पावणे' म्हणत आले, तो घामाघूम होऊन स्टुलावर उभा आणि आबा खालून हुकूम सोडतायत, "आवळा! अजून आवळा!" पाग वरून टांगून विणतात, आणि घरात भक्कम हूक तेवढा एकच. ऐन मार्चातल्या उकाड्यात.

पण हात हलायला लागला. रोज संध्याकाळी मी लाकडी सुईत दोरा भरून द्यायचे आणि आबा गाठी मारत बोलत बसायचे. आईला वादळाची भीती कशी नव्हती आणि पालीची कशी होती, हे मला या वयात कळलं. रोज शेवटी ठरलेलं वाक्य यायचं, "जालं झालं की निगालो."

जाळं मात्र होईना. गुडघ्याच्या उंचीला आलं की तिथेच अडायचं. रोज विणूनही तेवढंच. मला रात्रीची झोप लागेना. हात पुन्हा जातोय की काय, आणि हे आपल्यापासून लपवतायत की काय?

मग एकदा शाळा लवकर सुटली. दार उघडलं. आबा पागासमोर उभे होते, उजव्या हातात कात्री. कालच्या गाठी भराभर कापत होते. बोटं अशी चालत होती की लकवा कुणाला झाला होता असं वाटावं. कापलेला दोरा कोंबत होते दाराजवळच्या पिशवीत. मी पिशवीत हात घातला. तळापर्यंत नुसता दोरा.

"आणि तुमचे कपडे?"

आबांनी मानेनेच आमच्या कपाटाकडे दाखवलं. जावयाच्या शर्टांच्या मागे, घड्या घालून.

"हात बरा झालाय, आबा!"

"मंग? जालं झालं की जायाला लागंल ना गो," आबा कात्रीकडे बघत म्हणाले. "थय पडवीत पडलो तवा सकाळ व्हती. दुपारपातूर कोन आला न्हाय. तुज्या आयशीला दोनदा हाक मारली. मंग आठवला, ती न्हाय."

मला रडू फुटलं. आबा एकदम दरडावून म्हणाले, "रडतेस काय? निगालोच!"

संध्याकाळी शेजारच्या काकू डोकावल्या. "आबा, आता ठणठणीत दिसताय. गावी कधी?"

आबांनी माझ्याकडे बघितलं.

"अहो काकू, जाळं व्हायचंय अजून," मी म्हटलं आणि सुईत दोरा भरायला घेतला.

आत नवरा वर्तमानपत्राने वारा घेत होता. "अगं, पंखा कधी लावायचा?"

"टेबलफॅन घेऊन या," मी म्हटलं.