बोटाला कळणारं बटन

टॅब्लेट विकत घ्यायला गेलेला माणूस दुकानात डोळे मिटून उभा राहतो, हे मी आमच्या आर्णीत पाहिलं. डाव्या हाताचा अंगठा काचेवर टेकवतो आणि दुकान दणाणेल अशा आवाजात विचारतो, "बटन कुठं गेलं?"

हे आमचे शेजारी ढोलेकाका. तीस-बत्तीस वर्षं कापसाच्या जिनिंगमध्ये फिटर होते. तिथे हवेत रुई उडत असते, आणि मशीनचा आवाज असा की शेजारचा ओरडला तरी ऐकू येत नाही. अशा जागी मशीन थांबवायचं बटन चाचपून सापडलं नाही, तर हातच जातो. म्हणून नवीन बसवलेलं प्रत्येक बटन काका डोळे मिटून, डाव्या हाताने तपासायचे. निवृत्त झाले तरी सवय सुटली नाही. मिक्सर, लिफ्ट, बँकेतलं पैशांचं मशीन, सगळ्यांना हीच परीक्षा. "बोटाले कळलं पाहिजे," हा त्यांचा मंत्र. जे बोटाला कळत नाही, ते काकांच्या मते लबाड.

टॅब्लेट मात्र हौसेचा नव्हता. दिवाळीनंतर काकूंना लकवा मारला. उजवं अंग गेलं आणि वाचाही गेली. समजायचं सगळं, बोलता येत नव्हतं. पाणी हवं की पंखा, हे ओळखता ओळखता काका रडकुंडीला यायचे आणि काकू चिडून तोंड फिरवायच्या. डॉक्टरांनी सांगितलं, टॅब्लेटवर चित्रांचं ॲप मिळतं, चित्र दाबलं की टॅब्लेट बोलतो. झालं, काका माझ्या दारात हजर. मी शाळामास्तर, पोरांचे ऑनलाइन फॉर्म भरतो, तेवढ्यावर गल्लीने मला कॉम्प्युटर इंजिनिअर करून टाकलंय.

अजीमभाईंच्या दुकानात दोन टॅब्लेट बाजूला काढून ठेवले होते. एक नवा, पातळ, चकचकीत, समोर एकही बटन नसलेला. दुसरा जुन्या मॉडेलचा, जाड, पण खाली एक खरंखुरं, हाताला लागणारं बटन. मी नव्याच्या बाजूने, अजीमभाईही नव्याच्या बाजूने. काका एकटेच, पण आवाज आम्हा दोघांपेक्षा मोठा.

"याच्यात वापस कसं यायचं?"

"खालून वर बोट सरकवा ना, काका," अजीमभाई म्हणाले.

"कायले सरकवू? लाइट लावाले भिंत सरकवता का तुम्ही?"

"सवय होते हो."

"सवय माह्या बायकोनंच काहून करायची? कंपनीले करता येत नाही का?"

मग ॲपच्या कोपऱ्यात तीन आडव्या रेघा सापडल्या. त्या दाबल्या की यादी उघडते, असं मी समजावलं. त्या रेघा मीच ओढल्या असाव्यात, अशा नजरेने काकांनी माझ्याकडे पाहिलं. "मास्तर, हे तं महादेवाचं गंध झालं. माणूस पाहून हात जोडल. दाबल कायले?"

"अहो, सगळ्या जगात चालतं हे."

"जगाचा अंगठा धड आहे," काका म्हणाले. बोलणं खरं होतं, म्हणून मला जास्तच राग आला.

अशा आमच्या पाच-सहा फेऱ्या झाल्या. माझे रविवार गेले, अजीमभाईंचं डोकं गेलं. एका फेरीत तर काकांनी खिशातून काकूंचं टिकल्यांचं पाकीट काढलं आणि दुकानातल्या नमुन्याच्या टॅब्लेटवर, प्रत्येक चित्राच्या कडेला, एकेक मखमली टिकली चिकटवली. बोटाला जागा कळावी म्हणून!

अजीमभाईंनी कपाळावर हात मारला. "अरे काका, काय करून राह्यले? गिऱ्हाईक म्हणल, याचं लगन लागलं का?"

"लागू द्या. हाताले काही तं लागलं."

मी भर दुकानात ओरडलो, "काका, कोणताही एक घ्या आणि मला मोकळं करा!" त्यांनी शांतपणे डोळे उघडले आणि जाड टॅब्लेट उचलला.

घरी आल्यावर काकांनी याच्याही चित्रांच्या कडेला टिकल्या लावल्या. मग नवी कटकट. ॲपमधल्या बाई बोलल्या, "कृपया मला पाणी द्या." काकांच्या अंगाचा तिळपापड झाला. "कृपया? आमच्या घरात कोण कृपया म्हणते? हे पाहुणी बोलून राह्यली का घरची बाई?" ॲपमध्ये आपला आवाज भरता येतो, हे मी शोधून काढलं. माझी बायको आवाज द्यायला तयारही होती. काका म्हणाले, घरातलाच आवाज पाहिजे. आणि घरात बोलणारे तेच एकटे उरले होते. त्यामुळे काकूंनी ग्लासाचं चित्र दाबलं की काकांचा घोगरा आवाज खेकसायचा, "मले पाणी पाहिजे!" आणि काका स्वतःच "आणतो, आणतो" म्हणत उठायचे.

दोन दिवस सुरळीत गेले. तिसऱ्या दिवशी काका सकाळीच माझ्या दारात, लालबुंद. "मास्तर, बटन जागा सोडून पळते! तिनं पाण्याची टिकली चाचपून दाबलं, अन् हे म्हणते संडासले जायचं आहे. तीन वेळा नेलं मी तिले उचलून. तिसऱ्या वेळी तिनं मले हाणलं!"

जाऊन पाहिलं, तर टॅब्लेट उशीला उभा टेकवलेला होता. पडदा फिरला होता, चित्रांनी जागा बदलल्या होत्या, आणि टिकल्या बिचाऱ्या होत्या तिथेच होत्या. मला हसू फुटलं. काका हसले नाहीत. "जिनिंगमध्ये असं बटन असतं तं अर्धं गाव थोटं झालं असतं," ते म्हणाले. मी पडद्याचं फिरणं बंद केलं. पण सेटिंगमध्ये ती जागा शोधायला मला, दोन डोळे आणि दोन धड हात असलेल्या माणसाला, पाऊण तास लागला. तेव्हा पहिल्यांदा माझाही संताप झाला, आणि तो काकांवर नव्हता. ज्यांनी कोणी हे बनवलं, त्यांनी काकूंसारख्या एकाही बाईसमोर ते ठेवून पाहिलं नसणार.

मग आमची नीट घडी बसली. पाणी, चहा, पंखा, दुखतंय, संडास, मुलीला फोन. सहा चित्रं, सहा टिकल्या. सातवा चौकोन मात्र बिनचित्राचा होता, काकूंच्या अंगठ्याखाली सगळ्यात जवळ. मी विचारलं तर काका म्हणाले, "आहे असंच काही."

परवा दुपारी मी सहज गेलो होतो. टॅब्लेटने अपडेट करा असा निरोप पाठवला होता आणि काका मला धारेवर धरून बसले होते. कंपनीवाले, माझ्यासारखे त्यांचे वकील, सगळ्यांचा उद्धार चालला होता. काकू पलंगावरून बघत होत्या. त्यांचा अंगठा हळूहळू काचेवर सरकला, चाचपडला, थांबला. आणि काकांचाच आवाज त्या खोलीत म्हणाला, "बस झालं आता तुमचं. लोकाईचं डोकं खाऊ नका. चूप बसा जरा माह्यापाशी."

काका अर्ध्या वाक्यात थांबले. मी चक्रावून त्यांच्याकडे पाहिलं.

"रोज ही असंच म्हणे मले," ते खाली मान घालून म्हणाले. "लगन झाल्यापासून. तवा मले राग ये. आता कोणीच म्हणत नाही, मास्तर. घर खायले उठते."

ते उठून पलंगाच्या कडेला बसले. काकूंच्या तोंडाची एक बाजू हसत होती. अंगठा पुन्हा तोच चौकोन शोधायला निघाला. त्याला बराच वेळ लागत होता. काकांनी तो हातात धरून नेला नाही. आपल्याला पुन्हा एकदा गप्प केलं जाईल, याची वाट पाहत बसून राहिले.