हबीबभाऊंचा खालचा माणूस

लाईन गेली की आमच्या गल्लीत सगळे वीजवाल्यांच्या नावाने बोटं मोडायचे. हबीबभाऊ एकटे टाळी वाजवायचे. "शुकर है, गेली!" म्हणायचे, दुकानाचं शटर अर्धं ओढायचे आणि घरात पळायचे. समोर गिऱ्हाईक उभं असलं तरी. एकदा एटापल्लीहून आलेल्या माणसाचा रेडिओ उघडा टाकून गेले. तो बिचारा तारा लोंबणारा रेडिओ मांडीवर घेऊन पायरीवर बसून राहिला. लाईन आल्यावरच हबीबभाऊ बाहेर आले, तेही तोंड पाडून.

चामोर्शीच्या बाजारामागे त्यांचं आणि आमचं घर भिंतीला भिंत लावून आहे. आम्ही तलावात मासे धरणारे, ते रेडिओ-टीव्ही दुरुस्त करणारे. पण दुरुस्ती पोटासाठी. जीव होता तो घरातल्या बिनतारी मशीनमध्ये. त्या मशीनवरून ते दूरदेशीच्या तशाच नादी लोकांशी बोलायचे. त्याचं लायसन त्यांनी नागपूरला परीक्षा देऊन काढलं होतं आणि फ्रेम करून भिंतीवर लावलं होतं.

त्या लोकांत एकमेकांना नंबर द्यायची रीत आहे म्हणे. पहिला नंबर किती समजतं याचा, पाचपैकी. दुसरा किती जोरात येतं याचा, नऊपैकी. हबीबभाऊ ते नंबर गल्लीत सगळ्यांनाच वाटायचे. मरळीचा रस्सा पाठवला की भिंतीवरून आवाज यायचा, "पाच-नऊ!" चक्कीवाला नामदेव पिऊन बरळायला लागला की म्हणायचे, "एक-नऊ. आवाज लय, समजत काईच नाई." आणि मला म्हणायचे, "शोभाबाई, तुमी पाच-एक. समजते सबन, पण आवाजच नाई."

खरं होतं ते. चार लोकांत माझा आवाज फुटत नाही.

आधी ते माईकवर बोलायचे. तेव्हा गल्लीत एकच टीव्ही होता, नामदेवकडे. रविवारी सगळे तिथे देवाची मालिका बघायला जमायचो. एकदा देवाने आशीर्वादाला हात वर केला आणि त्याच्या तोंडून हबीबभाऊ बोलले, "हॅलो हॅलो, चामोर्शी कॉलिंग!" माझ्या सासूबाई जोडलेले हात तसेच घेऊन त्यांच्या दारात गेल्या.

"काऊन रे हबीब, देवाच्या तोंडातून काऊन बोलून राह्यला?"

"मावशी, मी माह्याच तोंडातून बोलून राह्यलो. देवच मंधात आला."

पुढे त्यांच्या बायकोला, नजमाभाभींना, मोठा ताप आला. जीव वाचला पण कान गेले. आपलाच आवाज ऐकू येईना म्हणून भाभींनी बोलणंही सोडलं. गल्लीतल्या बायका थोडे दिवस हातवारे करून बोलल्या, मग कंटाळल्या. माझं मात्र त्यांच्याशी जमलं. मी बोलत नाही, त्यांना ऐकू येत नाही. दोघी ओट्यावर बसून लसूण सोलायचो.

त्याच सुमारास हबीबभाऊंनी माईक फळीवर ठेवून दिला. चंद्रपूरहून एक जुना कॉम्प्युटर आणला आणि मशीनला जोडला. आता ते बोलत नव्हते, टाईप करत होते. मशीनमधून शिट्टीसारखा बारीक सूर जायचा आणि पलीकडचा माणूस आपल्या कॉम्प्युटरवर अक्षरं वाचायचा. गल्लीला वाटलं, टीव्हीच्या भांडणामुळे सुधारले. सासूबाई तर सांगत फिरायच्या, "मीच बंद केलं त्याचं तोंड."

या नव्या नादात हबीबभाऊंना एकच माणूस हवा होता. खालचा माणूस. त्यांनी सासूबाईंना लिंबात सुई आरपार घालून समजावलं होतं.

"हे पाहा मावशी, हे चामोर्शी. इथून सरळ खाली खणत गेलं तर इथी निघते. सबन समुद्र. त्यात जवळपास एकच बेट. तिथी माह्यासारखाच एक येडा बसते."

"अन् तो उलटा लटकून राहते?"

"त्याच्या हिशोबानं आपण लटकून राह्यलो."

सासूबाईंनी सुई काढून लिंबू परत घेतलं. आमचंच होतं.

तो माणूस दिवेलागणीलाच सापडण्यासारखा होता. इथे सूर्य बुडतो तेव्हा तिथे उगवतो. आणि त्याचा सूर इतका बारीक, की गल्लीतले पंखे, टीव्ही, चक्की यांच्या खरखरीत बुडून जायचा. म्हणून लाईन गेली की टाळी. हबीबभाऊंचं सगळं सामान ट्रॅक्टरच्या बॅटरीवर चालायचं.

त्यांच्या एरियलची तार आमच्या जांभळीला बांधलेली होती. मी एकदा न कळून तिच्यावर ओलं जाळं वाळत घातलं. हबीबभाऊ धावत आले. "बाई, जपान अटकला न तुमच्या जाळ्यात!" पण त्यांची गाठ दर वाऱ्याला सुटायची. शेवटी जाळ्याची गाठ मीच मारून दिली.

एका संध्याकाळी लाईन गेली होती आणि मी रश्श्याची वाटी घेऊन त्यांच्याकडे गेले. मशीनच्या खोलीत पहिल्यांदाच पाऊल टाकलं. मला वाटलं होतं खुर्चीत हबीबभाऊ असतील. खुर्चीत भाभी होत्या. हबीबभाऊ बाजूला स्टुलावर.

पडद्यावर निळं पाण्यासारखं काहीतरी वरून खाली सरकत होतं. त्यात पिवळ्या रेघा. एक रेघ म्हणजे एक माणूस. आम्ही तलावात मासा कुठे हलतो ते बघतो, तशा भाभी बघत होत्या. एकदम त्यांनी पडद्यावर बोट टेकवलं. मला तिथे काही दिसलं नाही. हबीबभाऊंनाही दिसलं नसावं, पण त्यांनी न विचारता तिथेच माऊस दाबला. खालच्या पट्टीत एकेक इंग्रजी अक्षर उमटायला लागलं.

"खालचा!" हबीबभाऊंनी अक्षरांवरून ते बेट ओळखलं. भराभर टाईप केलं आणि मला म्हणाले, "लिहिलं त्याले. तुले माह्या बायकोनं शोधलं, तिचं नाव नजमा."

उत्तर सुरू झालं आणि लाईन आली.

गल्लीभर "आली, आली!" झालं. चक्की घरघरली. पडदा राखेसारखा झाला, अक्षरं वेडीवाकडी पडायला लागली. भाभींना काय झालं ते कळेना. बोट तिथेच ठेवून त्या नवऱ्याच्या तोंडाकडे बघायला लागल्या.

मी बाहेर गेले आणि रस्त्याच्या मधोमध उभी राहून ओरडले, "बंद करा! चक्की बंद करा, टीव्ही बंद करा, सबन बंद करा!"

नामदेवला वाटलं कोणाला तरी शॉक लागला. त्याने मेन स्विचच पाडला. ते बघून बाकीच्यांनीही पाडले. सासूबाई पेटती चिमणी घेऊन दारात आल्या. "काय झालं वं? कोण गेलं?"

मी आत आले तर पाणी पुन्हा निळं झालं होतं. पट्टीत अक्षरं येत होती. ती अक्षरं भाभींना हबीबभाऊंनीच शिकवलेली. भाभींनी एकेकावर बोट ठेवलं, जुळवली आणि म्हणाल्या, "नजमा."

किती दिवसांनी तो आवाज ऐकला. फार मोठा होता, ओबडधोबड. बाहेर सासूबाईंपर्यंत गेला. मी हबीबभाऊंकडे बघितलं. माशाच्या रश्श्याला नंबर देणारा माणूस, त्याच्यापाशी नंबर नव्हता.

पुढच्या आठवड्यात सासूबाईंनी त्यांना ओट्यावर गाठलं. "भेटला ना तुले खालचा? मंग काढ आता तो माईक. तुह्या बडबडीबिगर टीव्ही बेचव लागते."

"नाई मावशी," हबीबभाऊ म्हणाले. "माईकवरची दुनिया मले एकट्यालेच ऐकू येते."

तेवढ्यात लाईन गेली. गल्लीत बोटं मोडणं सुरू झालं. अजून उजेड होता, त्यामुळे माझ्याजवळ बसलेल्या भाभींना ते कळलं नव्हतं. हबीबभाऊंनी त्यांच्या हातातली लसणाची सुपली काढून माझ्या मांडीवर ठेवली, आणि दोघं घाईने आत गेले.

उरलेला लसूण मीच सोलला.