कॅल्शियमवाले अण्णा

आमच्या नाशिक रोडच्या कॉलनीत लग्नाच्या पंगतीत जिलबी नाकारणारा एकच माणूस आहे, आणि तो निकम अण्णा असावा याचं मला अजून नवल वाटतं. वाढपी ताटाशी आला की अण्णा खिशातून कॅल्शियमची जाडजूड गोळी काढतात, पंगतीला दाखवतात आणि म्हणतात, "आमचं पक्वान्न आम्ही घरून आणलंय." मग डोळे मिटून ती सावकाश चावत बसतात.

हेच अण्णा एके काळी रविवारी सकाळी मला स्कूटरवर घालून मिसळ खायला न्यायचे. त्यांच्यामागे उरलेल्या चार बोटं जागेत मी कसाबसा लटकायचो. "रस्सा आण रे, लाजू नको!" ही त्यांची आरोळी ऐकली की खुद्द आचारी बाहेर येऊन नमस्कार करायचा. मिसळीवर जिलबी, जिलबीवर पुन्हा थोडा रस्सा. काय दिवस होते!

मग अण्णांनी वजन कमी करायचं ऑपरेशन करून घेतलं. जठर उरलं केळ्याएवढं. अण्णा निम्मे झाले आणि त्यांच्या अंगात डॉक्टर संचारला. "पोट कापलं की हाडं उपाशी राहतात. गोळी जन्मभराची!" हे ते रस्त्यात थांबवून सांगतात. कॅल्शियम आणि लोह एका वेळी घेऊ नका, एवढंच डॉक्टर म्हणाले होते. अण्णांनी अर्थ लावला की या दोन गोळ्यांनी एकमेकींचं तोंडही बघायचं नाही. म्हणून कॅल्शियम स्वयंपाकघरात आणि लोह देवघरात. "जावा आहेत त्या. एका घरात नांदतायत तेच खूप." लोह नुकतंच पोटात गेलं असेल तर चहा बंद, आणि त्यांचा बंद म्हणजे पाहुण्याचाही बंद.

मला मनातून राग यायचा. माझा मिसळीचा जोडीदार त्या ऑपरेशनने पळवला होता. परवा त्यांच्या घरी बसलो असताना बोलूनच टाकलं, "अण्णा, चांगले खातेपिते होतात. कुणी सांगितलं होतं हे?"

ते उठून आतल्या खोलीत गेले. त्यांच्या बायकोला, म्हणजे आमच्या काकूंना, गॅलरीत उन्हाला बसवायची वेळ झाली होती. अर्धांगाने काकूंची एक बाजू गेली आहे. अण्णा वाकले, त्यांचा हात आपल्या गळ्यात घेतला आणि त्यांना अलगद उचललं. मी धरायला पुढे झालो.

"हात लावू नकोस."

काकूंना खुर्चीत बसवून, त्यांचा पदर सारखा करून ते माझ्याजवळ आले आणि हळू आवाजात म्हणाले, "ही बाथरूममध्ये पडली होती, आठवतं? तू धावत आलास, वरच्या मजल्यावरचे दोघं आले."

मला आठवत होतं. काकूंची साडी भिजून विस्कटली होती, आणि अण्णा दाराची चौकट धरून नुसते उभे होते.

"मला वाकताच येईना रे. पोट आडवं आलं. तुम्ही उचललंत, उपकारच केलेत. पण ती पुढे किती दिवस कॉलनीत मान वर करत नव्हती."

 

"तिला शब्द दिलाय," अण्णा गॅलरीकडे बघत म्हणाले, "यापुढे तुला माझ्याशिवाय कुणाला उचलू देणार नाही. आता हाडं धड ठेवायलाच हवीत."