माश्यांचे राज्य बुडाले त्याची हकीगत

श्रीकुलस्वामिनीचे पायी डोई ठेवोन लिहिले ऐसे जे, शके १८८९, प्लवंगनाम संवत्सरी, वैशाख मासी माश्यांचे राज्य बुडाले, त्याची ही हकीगत. आम्हांस अक्षरे चारच येतात, परंतु घडले ते आमचे डोळ्यांदेखत, सबब शास्त्रीपंडितांनी यांत नाक खुपसू नये.

कमळजाबाई आमची सून. रूपे बेताची, बुद्धीने तलवार. तिने विद्यालयाचे मागल्या खोलीत काचेच्या बाटल्यांचे गड उभारिले आणि केळी, गूळ, मक्याचे पीठ शिजवोन त्यांत फळांवरच्या माश्यांची प्रजा वसविली, आणि अंड्यात पाय कोठे व डोळा कोठे हा हुकूम कोण देतो, याचा शोध मांडिला. या मुलखात हे काम पूर्वी कोणी केले नव्हते. मग एके दिवशी ऐसी माशी उपजली की, मिशांचे जागी डोक्यावर दोन पाय! बाईंनी तिचा वंश सहा वर्षे राखिला आणि म्हणो लागली की, एक हुकूम चुकला आणि सबंध पाय भलते ठायी उगवला, तर हुकूम आहेच. विद्यालयाचे मुख्य त्र्यंबकपंत दिवाण हसोन बोलिले, "बाई, माश्या हाकायच्या सोडून पाळता काय?" बाई बोलिली, "पंत, तुमच्या डोक्यावर पाय उगवला तर तुम्हांसही पाळीन."

ज्येष्ठात परमुलखीचे पंडित तो वंश जिवंत पाहावयास येणार, पाहिल्यावाचून कोणी मानणार नाही, ऐसे ठरले. तों वैशाखात आमचा पुत्र वामनराव तापाने तीन दिवसांत गेला. आमचे घरची रीत, सुतकाचे तेरा दिवस सुनेने उंबरा ओलांडू नये. चौथे दिवशी ती पायांशी येवोन बसली.

"आईसाहेब, वंश नाजूक आहे. आठवे दिवशी नव्या बाटलीत घातला नाही तर बुरशीत मरेल. घटकाभरात जाऊन येते."

"माझ्या लेकाची राख अजून निवाली नाही आणि तुला माश्यांचा पुळका!"

"बरे, नाही जात. पंतांस ही चिठ्ठी तरी धाडा. ते कोणाकडून करवितील."

चिठ्ठी आम्ही घेतली आणि, सुतकातला कागद बाहेर जात नाही, ऐसे मनाशी म्हणोन चुलीत घातली, आणि तीस सांगितले, पोहोचली.

चौदावे दिवशी सून विद्यालयात गेली, तों सारा वंश बुरशीखाली मेलेला. भर दरबारी पंतांस बोलिली, "चिठ्ठी मिळूनही मारलात!"

"कसली चिठ्ठी, बाई? पोरांची शपथ, मला काही आले नाही."

"खोटारडे आहात!"

पंतांनी ते पोटात घातले नाही, बाईंस कामावरून दूर केले. पंडित आले, स्पिरिटात राखिलेल्या चार माश्या पाहोन, "डिंकाने चिकटविले नाही कशावरून?" म्हणोन निघोन गेले. मग बाई मुलींचे शाळेत गणित शिकवो लागली. बारा वर्षांनी समुद्रापलीकडे कोणास तैसीच माशी सापडली आणि त्याचा जयजयकार जाहला. ती बातमी छापलेला कागद बाईंनी दोनदा वाचिला, घडी घातली, आणि त्या दिवशी जेविली नाही. पुढे दुखण्यास पडली. आम्ही उशाशी बसत असू. शेवटपर्यंत विचारी, "आईसाहेब, पंतांनीच चिठ्ठी दाबली ना?" आम्ही म्हणत असू, "होय हो, त्यांनीच."

एणेप्रमाणे राज्य सहा वर्षे चालले आणि बुडाले. सून गेली, पंतही वारले. पंतांकडे कसूर नव्हता. कळावे.