वानरांना गाऱ्हाणं

आमचे शेजारी तात्या रोज सकाळी वानरांना गाऱ्हाणं घालतात. गावदेवासमोर घालतात तसंच: नारळ पुढे, हात जोडलेले, आवाज खणखणीत. "बा वानरा म्हाराजा, आज तू सहकुटुंब आलास, बरं केलंस. पिकलेलं खा, कोवळं ठेव. डहाळी तेवढी मोडू नको रे म्हाराजा." मग क्षणभर थांबतात. वानर आंब्यावर बसून शांतपणे ऐकून घेतं आणि डहाळी मोडतं.

तात्या मास्तर होते. त्यांच्या छडीने आमच्या पाली गावातली दोन पिढ्यांची पोरं पाढे शिकली. निवृत्तीनंतर कुठल्याशा शिबिरात दहा दिवस गप्प बसून आले आणि अहिंसक झाले. आता डास मारत नाहीत, फुंकर घालून माझ्या अंगणात पाठवतात. साखरेला मुंग्या लागल्या तर चहा बिनसाखरेचा पितात. मी आवाज चढवला की डोळे मिटून म्हणतात, "वहिनी, तरंग उठला." कुणाच्या मनात, ते सांगत नाहीत. शांत माणसाशी भांडण्याइतकं दमवणारं काम दुसरं नाही.

तरुणपणी मी बेचकी घेऊन वानरांमागे धावायची. नेम असा, की वानर सोडून सगळ्यांना लागायचा. स्वतःच्याच घराची सात कौलं फोडली आणि सासूबाईंना सांगितलं, वानरांनी फोडली. तात्यांच्या बायकोशी, सुलभाशी, आमच्या दोन अंगणांमधल्या दगडी गडग्यावर लोंबणाऱ्या एका फणसावरून तीन वर्षं अबोला धरला. फणस मीच मिळवला. कडक गऱ्यांचा कापा म्हणून भांडले, निघाला बुळबुळीत बरका. मला बरका घशाखाली उतरत नाही, पण जिंकलेला म्हणून सगळा खाल्ला आणि दोन दिवस पोट धरून निजले. सुलभाने गडग्यावरून ओव्याची पुडी सरकवली. अर्थात न बोलता.

सुलभा जाऊन दोन वर्षं झाली.

यंदा वानरांनी माझ्या पपया संपवल्या, तेव्हा मुलाने मुंबईहून सुतळी बॉम्ब पाठवले. वास लागल्यासारखे तात्या गडग्याशी आले.

"वहिनी, काय वाजवायचं ते वाजवा. माझं गाऱ्हाणं होईस्तो तेवढं थांबा."

"भाऊजी, तुमच्या गाऱ्हाण्याने एक तरी वानर सुधारलं का?"

"माझ्या छडीने तरी किती पोरं सुधारली?"

ते बरोबर होतं, म्हणून जास्तच राग आला. दुसऱ्या सकाळी ऐन गाऱ्हाण्यात वात पेटवायची ठरवून मी बॉम्ब आणि काडेपेटी घेऊन गडग्याआड बसले. गुडघे असे कुरकुरले, की वानरांनीही मान वळवून पाहिलं.

तात्यांनी सुरुवात केली. "पिकलेलं खा, कोवळं ठेव रे म्हाराजा." आणि थांबले. गाऱ्हाण्यात अशा जागी बाकीच्यांनी "व्हय म्हाराजा" म्हणायचं असतं. पण तात्या वानराकडे बघतच नव्हते. आपल्या घराच्या मागच्या खिडकीकडे कान देऊन उभे होते.

त्या खिडकीशी शेवटचे सहा महिने सुलभाची खाट होती. वानरं आली की तिकडून तिचा बारीक आवाज यायचा, मग हसू. मला वाटायचं, आजारी बाई, काहीतरी बरळत असेल. ती "व्हय म्हाराजा" म्हणत होती.

तात्यांनी पुढचं वाक्य घातलं. पुन्हा थांबले. खिडकी गप्पच.

काडी माझ्या हातात होती. तोंडातून निघून गेलं, "व्हय म्हाराजा."

तात्या वळले नाहीत. मग हात पुन्हा जोडून म्हणाले, "आणि गडग्याआड जी कोण बॉम्ब घेऊन बसली असेल, तिच्या गुडघ्यांना आराम पडू दे रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," म्हटलं, आणि गडग्याला धरून उठले.