बडीशेपेतल्या लाल गोळ्या

वनमालाबाईंनी बडीशेपेच्या ताटलीत लाल गोळ्या पेरल्या, त्या निव्वळ शोभेसाठी. मुलुंडच्या त्यांच्या घरी रुचिराला बघायला आजवर तिघे येऊन गेले होते आणि तिघांनाही तिनेच नाकं मुरडली होती. घाटकोपरचा हा अनय मात्र लेकीला आवडलाय, हे आईने तिच्या तोंडाकडे बघूनच ओळखलं. आता आज काही बिघडून चालणार नव्हतं.

बिघडायला कुणी बोलायला तर हवं. बोलत होत्या एकट्या अनयच्या आई, माधुरीताई. "आमच्याकडे स्वच्छतेचं फार असतं हं. मला जरासुद्धा चिकट खपत नाही." पोह्यांचा चमचाही त्यांनी आधी रुमालाने पुसला. अनयला काही विचारलं की उत्तर त्याच द्यायच्या.

रुचिरा कप आत घेऊन गेली आणि बडीशेप फिरली. माधुरीताईंनी दोन गोळ्या चावल्या, आणि छान म्हणून हसल्या. बाईंचे दात हिरड्यांपर्यंत जांभळे.

"अगो, तेंच्या तोंडाक काय झाला?" वनमालाबाईंचे यजमान सहदेवराव त्यांच्या कानात कुजबुजले. त्यांची स्वतःची जीभही तशीच होती.

रुचिरा बाहेर आली आणि दारातच थबकली. "आई, फ्रिजवरची बाटली उघडलीस तू? त्या माझ्या दातांच्या दवाखान्यातल्या गोळ्या आहेत."

"मला वाटलं, खाऊच्या आहेत."

"विषारी आहेत का गं?" माधुरीताईंना घाम फुटला.

"नाही हो काकू. तोंडातले जंतू साखर खाऊन दातांवर चिकट थर बनवतात. हा रंग नेमका त्या थराला धरतो, आणि थर जुना असला की जांभळा होतो. पोरांना आम्ही दाखवतो, कुठे नीट घासलेलं नाही ते."

सगळे एकाच तोंडाकडे बघत होते. ते तोंड मिटलं आणि त्यावर पदर आला. झालं, लागली वाट, वनमालाबाईंना रडूच यायला लागलं. लेकीला आवडलेलं एकुलतं एक स्थळ आपल्याच हाताने घालवलं.

तेवढ्यात कुणीतरी घसा खाकरला. आई गप्प असल्याची संधी अनयने साधली होती. "मला रुचिरा पसंत आहे. म्हणजे, तिला मी पसंत असेन तर."

रुचिराने त्याला खिडकीपाशी नेलं. "आ कर."

त्याने मुकाट्याने केला.

"पुढचे बरे आहेत. दाढांकडे साफ दुर्लक्ष केलंयस. आता दर रविवारी यायचं."

अनय जांभळं जांभळं हसला. वनमालाबाईंनी धीर करून माधुरीताईंकडे पाहिलं. पदराच्या आडून अगदी बारीक आवाज आला.

"विहीणबाई, रविवारी माझाही नंबर लागेल का?"

त्यातला पहिला शब्द ऐकून वनमालाबाई मटकन खाली बसल्या.