मास्तर ओनेसिमोंची रांजणवाडी

"सुनेच्या रक्ताची जबाबदारी माझी!" मास्तर ओनेसिमोंनी दवाखान्यात सिस्टर आउरोरांसमोर छातीवर हात ठेवून जाहीर केलं. तेपेतितला गावच्या पोरांना जन्मभर भूगोल शिकवताना त्यांचा आवाज एवढा कधी चढला नव्हता.

प्रकरणच तसं होतं. सून ओरालियाला सातवा महिना लागला होता. केस कंगव्यात पुंजक्यांनी येत होते, गालांवर वांगाचे डाग पडले होते आणि चेहरा दह्यासारखा पांढरा. सिस्टर म्हणाल्या होत्या, "डागांचं एवढं नाही, ते बहुतेक बाळंतपणानंतर फिके पडतील. काळजी रक्ताची आहे. पुढच्या तपासणीला ते वाढलं नसेल, तर बाळंतपण इथे नाही. पुएब्लाच्या मोठ्या इस्पितळात!"

पुएब्ला! म्हणजे डोंगरातला वळणावळणाचा रस्ता. ओरालियाला तर पहिल्याच वळणाला उलटी व्हायची. नवरा ट्रकवर, आई इथे गल्लीच्या टोकाला. "आई हाताशी नसेल तर मी नाही बाळंत होणार!" तिने ठणकावलं, जणू बाळ तिची परवानगी घेऊनच येणार होतं.

मास्तरांनी पुस्तकं काढली. काळा घेवडा, राजगिऱ्याचा पाला, वर पेरू. गोळी चुकवायची नाही. जेवणाबरोबर कॉफी बंद. सगळं कसं नकाशासारखं स्वच्छ!

आणि मग पुस्तकांच्या खोलीतून आवाज आला. कुडुम, कुडुम! ओरालिया टेबलापाशी उभी होती. ओठ पांढरे.

"पोरी, हे काय?"

"खडू, बाबा."

"ते दिसतंय. पण तोंडात कशाला?"

"डोहाळे!" ती रडवेली झाली. "ओल्या भिंतीच्या नुसत्या वासानेही तोंडाला पाणी सुटतं. कुणाला सांगू नका हं! सासूबाईंना तर मुळीच नाही. शपथ घ्या!"

मास्तरांनी शपथ घेतली. रक्त कमी पडलं की असले डोहाळे लागतात, आणि खडू पोटात गेला की अन्नातलं लोह अंगी लागत नाही, असं पुस्तकात होतं. निवृत्तीच्या दिवशी आठवण म्हणून आणलेला खडूंचा खोका त्यांनी कपाटात कोंडला आणि किल्ली गळ्यात बांधली. त्या किल्लीकडे ओरालिया, मासळीकडे मांजर बघतं तशी बघू लागली.

आणि एका सकाळी मास्तरांच्या उजव्या पापणीवर रांजणवाडी आली!

तेपेतितलात रांजणवाडी म्हणजे नुसती पुळी नव्हे, ते आरोपपत्र! गरोदर बाईला डोहाळ्याचं नाकारलं की नाकारणाऱ्याच्या डोळ्याला ती येते, हे तिथे शेंबड्या पोरालाही ठाऊक.

"काय नाकारलंत तिला?" पेत्राबाईंनी नवऱ्याची हनुवटी धरून उजेडाकडे वळवली.

"काही नाही. धूळ गेली असेल."

"धूळ! जन्मभर खडूच्या धुळीत काढलात, तेव्हा नाही ती गेली!"

'खडू' ऐकताच मास्तर असे दचकले की पेत्राबाईंची खात्रीच पटली.

बाजारात खाटकीण चोलेमावशीने सुरी खाली ठेवली. "काय हो मास्तर, पोटुशीला मक्याच्या पिठाचा एक तमालसुद्धा देववला नाही?"

"तमाल नव्हता हो तो!"

"मग काय होतं?"

"ते... सांगता येत नाही."

"बघा! सांगायचीसुद्धा लाज वाटते!"

दुपारपर्यंत मास्तरांनी सुनेच्या तोंडातली कोंबडीची तंगडी ओढून काढली होती. संध्याकाळी तिची अख्खी कोंबडी झाली.

गावाने मग धसकाच घेतला. ओरालिया दिसली की खाणारा माणूस उठून घास पुढे करायचा. "घे बाई, माझा डोळा सांभाळ!" चोलेमावशी रोज डुकराच्या रक्ताची मोरोंगा तळून आणायची. "डोळा सुजला तर मी सुरी कशी चालवू?" कुणी पेरू दिले, कुणी घेवड्याचं वाडगं, आणि पावागणिक कॉफी! मास्तर सुनेच्या पुढे धावत ओरडायचे, "कॉफी नको! तिला कॉफी नको!"

डाव्या पापणीवर दुसरी आली.

आता वाचणंही बंद. मास्तर ओसरीत येरझाऱ्या घालत, खांबाला धडकत. पुस्तक चुकलं असेल का? की आपणच भलतं पान वाचलं? गावाने वाट्टेल ते चारलंय, रक्त वाढणार कसं? पोर त्या वळणांवरून जाणार, तीही आपल्या एका फुशारकीमुळे!

"बाबा," ओरालिया हळूच म्हणाली, "अर्धाच खडू द्या. माझे डोहाळे फिटतील, तुमचा डोळा बरा होईल."

मोह मोठा होता. हात किल्लीपर्यंत गेलासुद्धा. पण मास्तर म्हणाले, "डोळा गेला तरी चालेल, पोरी. रक्त जाता कामा नये."

तपासणीच्या दिवशी पेत्राबाई तर आल्याच, मावशीही स्वतःच्या सुनेला घेऊन बाकावर हजर. सिस्टरांनी कागद बघितला, पुन्हा बघितला.

"वाढलंय! चांगलंच वाढलंय! इथेच होईल हो बाळंतपण! काय खात होतीस गं?"

"गोळ्या घेत होते, मावशीची मोरोंगा, पेरू..." ओरालिया आनंदाने बोलत सुटली, "आणि आता तर मला खडूसुद्धा नकोसा वाटतो!"



"खडू?" पेत्राबाई नवऱ्याकडे वळल्या. "म्हणजे तुम्ही तिला खडू नाकारलात?"

मास्तरांनी शपथेला जागून वर छताकडे बघितलं. सुजलेल्या पापण्यांमुळे ते तसंही दिसत नव्हतं. पण पाठ मात्र ताठ झाली.

चोलेमावशी पुढे आली. "चुकलं माझं, मास्तर. वाट्टेल ते बोलले."

"असू दे, असू दे," मास्तर लाजून पुटपुटले.

"आता एक काम करा. आमच्या सुनेलाही दिवस गेलेत, तिचंही रक्त कमी आहे. सगळ्या गावाने चारावं असा काही माझा वशिला नाही. तेवढं तुम्ही तिला काहीतरी नाही म्हणा, म्हणजे तुमचा डोळा बघून गाव तिलाही चारेल!"

"नाही!" मास्तर दोन्ही हात हलवत ओरडले. "नाही, नाही, नाही!"

"बाई गं, एकदम तीनदा!" बाकावरची सून खूश होऊन उठली. "चला सासूबाई, झालं काम!"

आणि मास्तरांची उजवी पापणी पुन्हा चुरचुरायला लागली.